नाताळचं पाकीट : परदेशातल्या मराठी ख्रिस्ती माणसांसाठी. प्रकल्प नोंदी, पुणे २०२५

१४ सप्टेंबर, रविवार

पाकीट कोणासाठी, हे आज पक्कं केलं. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, मिरज, जालना इथल्या मंडळ्यांमधून बाहेर गेलेली माणसं. शिकायला गेलेली मुलं, नर्सिंगच्या नोकरीवरच्या ताई, आखातातले कामगार, नातवंडं सांभाळायला गेलेले आईवडील. एकूण १२० पाकिटं. त्याहून जास्त हाताने होणार नाहीत.

घर लांब असणं आणि विश्वास डळमळणं ही दोन दुखणी वेगळी आहेत, पण डिसेंबरात बरेचदा एकदम येतात. कारण साधं आहे. इथे उपासना, गाणी, आजीची संध्याकाळची प्रार्थना यांच्या आधाराने विश्वास उभा असतो. तिकडे तो आधार निघतो, चर्चमध्ये भाषा दुसरी असते, शब्द कळतात पण आत उतरत नाहीत. मग माणूस स्वतःलाच विचारतो की माझा विश्वास होता, की नुसती सवय होती? हा प्रश्न खरा आहे. त्याला गप्प बसवणारं पाकीट करायचं नाही.

म्हणून एकच कसोटी ठेवली: यंदा ज्याला प्रार्थना करता येत नाही, त्यालाही आतली प्रत्येक वस्तू वापरता आली पाहिजे.

आत काय: घडीचा कागदी तारा, २४ पानी पुस्तिका, ध्वनिफितीचा क्यूआर कोड. खाऊ नाही. यावर बरीच चर्चा झाली, पण नाही म्हणजे नाही (कारण ६ नोव्हेंबरच्या नोंदीत).

२० सप्टेंबर, शनिवार

वाचनं निवडली. यंदा आगमनकाळ (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) ३० नोव्हेंबरला सुरू होतो, पुढचे रविवार ७, १४ आणि २१ डिसेंबर. चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातलं पहिलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष सुरू होतंय आणि ते आमच्या कामाला अगदी नेमकं बसतं.

तिसऱ्या रविवारी मत्तय ११. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि शिष्यांना पाठवून येशूला विचारतो की येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? ज्याने सगळ्यांना बोट दाखवून सांगितलं, तोच विचारतोय. त्याला उत्तरात दटावणी मिळत नाही. जे दिसतंय, ऐकू येतंय ते जाऊन सांगा, एवढंच.

चौथ्या रविवारी मत्तय १, म्हणजे योसेफ. मरीयेशी ठरलेलं लग्न गुपचूप मोडावं या विचारात पडलेला माणूस. नाताळच्या देखाव्यात तो काठी धरून कडेला उभा असतो. त्याने त्याआधी काढलेली रात्र कोणी मांडत नाही. आणि नाताळनंतरच्या रविवारी, २८ डिसेंबरला, मत्तय २ मधलं मिसरला (इजिप्तला) पळून जाणं. परक्या मुलखात बाळ घेऊन राहिलेलं कुटुंब. पाकीट या रविवारपर्यंत न्यायचं ठरलं, कारण २५ तारीख उलटली की तिकडचं एकटेपण वाढतं. सुट्टी संपलेली नसते आणि फोन मात्र कमी होतात.

जोडीला दोन स्तोत्रं, १३ आणि ८८. तेरावं "कुठवर?" असं विचारत सुरू होतं आणि भरवशाशी येऊन थांबतं. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. ते घ्यावं का, यावर दोन मतं होती. घेतलं. असं स्तोत्र बायबलमध्येच आहे, हे कळणंच कित्येकांना आधाराचं असतं.

छापण्यातली अडचण: प्रचलित मराठी बायबलच्या मजकुराचे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत, परवानगीशिवाय उतारे छापता येत नाहीत. म्हणून फक्त अध्याय आणि ओव्यांचे क्रमांक द्यायचे आणि खाली आपल्या शब्दांत चार ओळी. बायबल बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच. नारायण वामन टिळकांची भजनं मात्र छापता येतात. ते १९१९ साली वारले, हक्क केव्हाच संपलेत.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचा सगळा वेळ दोन शब्दांवर गेला. तो वाया गेला नाही.

"डाउट"ला मराठीत काय म्हणायचं? "संशय" म्हटलं की वास वाईट येतो. संशय माणसाच्या वागण्यावर घेतात. "अविश्वास" म्हटलं की विधानसभेतला ठराव आठवतो. मार्क ९:२४ मध्ये आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात बोलतो, तिथे तो शब्द चपखल आहे, पण पानाचं शीर्षक म्हणून जड होतो. शेवटी "शंका" घेतला. शंका आपण गुरुजींना विचारतो, वर्गात हात वर करून. तिच्यात विचारणारा आणि ऐकणारा यांचं नातं तुटलेलं नसतं. पानाचं नाव ठरलं: "शंका असेल तर".

तसंच "शांती". लूक २:१४ मुळे तो शब्द सोडता येत नाही. पण मराठी कानाला शांती म्हणजे वास्तुशांती, नाहीतर "आत्म्यास शांती लाभो". "शांतता" ही वाचनालयाच्या पाटीवरची. थंडीत खोलीवर एकट्या बसलेल्या माणसाला आपण जे इच्छितो त्याला घरात "जिवाला स्वस्थ वाटणं" म्हणतात. पुस्तिकेत तसंच लिहायचं. शांती फक्त देवदूतांच्या गाण्यात ठेवायची.

गाळलेली वाक्यं: "देव तुमची परीक्षा पाहतोय", "यामागे काहीतरी योजना आहे", "नियमित प्रार्थना केलीत तर". शंकेत असलेल्या माणसाला या वाक्यांचा मार लागतो.

५ ऑक्टोबर, रविवार

तारा, पहिला नमुना. फसला.

रचना सोपी आहे. पाच टोकांचे दोन सारखे अर्धे भाग, कडांना चिकटवून फुगीर तारा. प्रत्येक अर्ध्यावर दहा घड्या: केंद्रापासून टोकापर्यंत पाच उंचवट्याच्या, केंद्रापासून खाचेपर्यंत पाच खोलगट. केंद्र ते टोक ९.५ सेंमी, केंद्र ते खाच ३.६ सेंमी. ए-४ कागदावर एक अर्धा भाग बसतो.

चुका तीन. एक, मापाचा तारा १८ सेंमी रुंद झाला आणि आमचं पाकीट १६.२ × २२.९ सेंमी. मधोमध दुमडावा तर अक्षाची रेघ अर्धी उंचवट्याची, अर्धी खोलगट; उलटी घडी पडली की तारा पुन्हा नीट फुगत नाही. दोन, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम) चकचकीत कार्डावर घडी घातली की वरचा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. कागदाचे तंतू एकाच दिशेने असतात, घड्या पाच दिशांना. काही घड्या तंतूंना आडव्या जाणारच. तीन, या कार्डातून उजेड आरपार येत नाही.

बांबूच्या कामट्यांचा नेहमीचा आकाशकंदिलासारखा तारा आधीच बाद केला होता. बांबू, लाकूड, गवत यांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कडक तपासणी असते.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा नमुना जमला. केंद्र ते टोक ८ सेंमी, केंद्र ते खाच ३ सेंमी, चिकटपट्टी ८ मिमी. रुंदी १५.२ सेंमी, पाकिटात सपाट बसतो. कागद सुती हातकागद, साधारण १२० जीएसएम, केशरी आणि पांढरा. सुती तंतू लांब असतात, म्हणून घडी तडकत नाही आणि खिडकीत टांगला की ऊन आरपार दिसतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसला.

त्यावर लेझर प्रिंट मात्र टिकत नाही. पृष्ठभाग खडबडीत असल्याने शाई घडीवर सोलून येते. म्हणून कापायच्या रेघा छापायच्या नाहीत, पत्र्याचा साचा ठेवून पेन्सिलीने काढायच्या. घडीची रेघ रिफिल संपलेल्या बॉलपेनने, स्टीलची पट्टी धरून. कटरने घडी मारू नका, दुसऱ्या महिन्यात तिथेच फाटतो. डिंकही नको, पाण्याने कागद सुरकुततो; चिकटपट्टीवर दुतर्फी टेप, ६ मिमीची, बोहरी आळीत रिळाने मिळते.

दोन्ही अर्धे न चिकटवता पाठवायचे. चिकटवण्याचं काम घेणाऱ्याने करायचं, टेपचा वरचा कागद सोलून. दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं आम्हाला पाकिटातली सगळ्यात मोलाची वाटतात. हात कामात असले की डोकं थोडं खाली बसतं.

आत दिवा नाही. बटण सेलमध्ये बरेचदा लिथियम असतं, सुटे सेल टपालात घेत नाहीत. मेणबत्ती तर कागदी ताऱ्यात कधीच नको, तसं ठळक छापायचं. खिडकीच्या काचेवर टांगा आणि मागून खोलीतला दिवा लावा, एवढं पुरतं. लंडन, बर्लिनला डिसेंबरात चारच्या आसपास अंधार पडतो. सिडनीत मात्र उन्हाळा. आठ वाजून गेले तरी उजेड असतो. त्या पुस्तिकांवर "संध्याकाळी" ऐवजी "रात्री झोपण्याआधी" लिहायचं.

१२ ऑक्टोबर, रविवार

रमाबाईंचं पान लिहून झालं. परदेशातली शंका यावर मराठीत याहून जवळचं उदाहरण नाही.

गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चला काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर (अँग्लिकन जोगिणी) १८७७ पासून पुण्यात होत्या. त्या ओळखीवरच पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला वाँटेजला गेल्या. वैद्यकी शिकायचं होतं, कानाने दगा दिला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे जीव दिला. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्याने प्रश्न मिटले नाहीत. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव), चर्चच्या मतांगीकाराचे (विश्वासाच्या कबुलीचे) शब्द, पाळकांचा अधिकार यांवर त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून भांडल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत म्हणाल्या. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमला शिकवत राहिल्या आणि १८८६ साली अमेरिकेला गेल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं.

पान लिहिताना एक मोह टाळला: "आणि मग त्यांच्या सगळ्या शंका फिटल्या" असा शेवट. शंका आणि काम ही दोन्ही बरोबर चालली, एवढंच ठेवलं. आनंदीबाई भगत यांचं वाक्य काढावं असं एकाने सुचवलं. ठेवलं, पण त्याच पानाच्या तळाशी मदतीचे फोन क्रमांक टाकले (२२ नोव्हेंबर पाहा).

मलपृष्ठावर फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर तीन ओळी. १५७९ साली इंग्लंडचा माणूस गोव्यात उतरला, १६१९ साली तिथेच वारला, आणि ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगून गेला. परक्या भाषेत विश्वास बोलता येतो, याला तो पुरावा आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

ध्वनिमुद्रण. दिवाळीचे फटाके संपेपर्यंत थांबावं लागलं.

पहिला प्रयत्न समूहगानाचा: बारा जण, पेटी, तबला, झांज. ऐकायला सुंदर, आणि नेमकं म्हणूनच चुकीचं. खोलीत एकटा बसलेला माणूस ते ऐकून प्रेक्षक होतो. आपण तिथे नाही हेच त्याला ऐकू येतं. दुसऱ्यांदा एकच आवाज आणि पेटी. प्रत्येक कडव्यानंतर तेवढीच जागा मोकळी, फक्त सूर धरलेला, म्हणजे त्याने म्हणायचं. पट्टी खाली घेतली. शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून माणूस हळू आणि खालच्या सुरात गातो. पुरुष आवाज पांढरी एकमध्ये, बाईचा काळी तीनमध्ये, दोन वेगळ्या फिती.

घंटा: पंचहौदच्या घंटाघराचा नाद रविवारच्या उपासनेआधी, परवानगी घेऊन, बाहेरून टिपला. फोनचा माइक पहिल्याच ठोक्याला फाटला. रेकॉर्डरची पातळी ठोक्याला उणे १२ डेसिबलवर ठेवली, तेव्हा शेपटीचा घुमार नीट आला. मागे रिक्षाचा हॉर्न आलाय. काढला नाही, गुरुवार पेठ तशीच ऐकू येते.

एकूण २० मिनिटं. मोनो, ६४ केबीपीएस एमपी-३, साडेनऊ एमबीच्या आसपास. व्हॉट्सअॅपवर सहज जाते, आणि जहाजावरच्या नेटवरही उतरते.

१ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तिका छापखान्यात. २४ पानं ए-५, म्हणजे सहा ए-४ कागद, ९० जीएसएम, वर २०० जीएसएमचं मुखपृष्ठ. पानसंख्या चारच्या पटीतच हवी, नाहीतर पिन मारताना कोरी पानं उरतात. वजन ४६ ग्रॅम.

पहिल्या प्रुफात "करणाऱ्या"चा ऱ्या सगळीकडे र्या झाला होता आणि "ख्रिस्त"मधला जोडाक्षराचा पाय सुटला होता. छापखान्याचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड नीट वाचत नाही. मजकूर तिकडे पुन्हा उघडूच द्यायचा नाही, फाँट आत बसवलेली पीडीएफ द्यायची. आणि प्रुफ पडद्यावर नाही, कागदावर वाचायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खाऊ का नाही, ते लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न दर वर्षी येणार. ब्रिटन आणि युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालाने चालत नाहीत. खव्याची करंजी त्यात आली. ऑस्ट्रेलियात बिया, सुकामेवा, अंडी यांवर तपासणी. तेलकट फराळाने पुस्तिका खराब होते ते वेगळंच. गव्हाणीचा देखावा द्यायचा तरी त्यात खरा पेंढा नको.

त्याऐवजी कलकल या नाताळच्या तळलेल्या गोड पदार्थाची कृती छापली, एका माणसापुरती. मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा २ मोठे चमचे, पिठीसाखर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, कडकडीत तुपाचं मोहन २ मोठे चमचे, नारळाचं घट्ट दूध साधारण १०० मिली, लागेल तसं. अंडं नाही. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळा. मध्यम आचेवर तळा.

तिकडे हमखास चुकतं ते असं: दुकानातून "सेल्फ रेझिंग" पीठ आणलं जातं. त्यात बेकिंग पावडर असते, कलकल तेलात फुगून उकलतात आणि रेघा पुसल्या जातात. साधं "प्लेन" पीठच घ्या. नारळाचं दूध एकदम ओतलं तर पीठ सैल होतं आणि कलकल तेल पितात. तळण्याआधी खिडकी किलकिली करा आणि वरचा पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत खाली उतरते.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाकिटं भरली, टपालात दिली. एकाचं वजन: तारा ३, पुस्तिका ४६, कडक पुठ्ठा २०, पाकीट १२, मिळून ८१ ग्रॅम.

सीमाशुल्काच्या सीएन-२२ पट्टीवर नुसतं "गिफ्ट" लिहू नका, अडकतं. "कागदी तारा १, छापील पुस्तिका १" असं इंग्रजीत स्पष्ट, किंमत रुपयांत. शून्य किंमत लिहायची नाही. नाताळच्या सजावटीचा वर्गीकरण क्रमांक ९५०५.१०, छापील पुस्तिकेचा ४९०१. घेणाऱ्याचा फोन आणि पिनकोड आधीच संगणकात भरावा लागतो. पिनकोड चुकला की पाकीट परत. अमेरिकेची टपालसेवा ऑगस्टच्या अखेरीस थांबली होती, १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. ती पाकिटं वेगळ्या गठ्ठ्यात आणि सर्वांत आधी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

२४ डिसेंबरला सगळ्यांची एकत्र ऑनलाइन उपासना करावी, असा आग्रह होता. वेळा मांडल्या. पुण्यात संध्याकाळी ७.३० म्हणजे दुबईत ६, लंडनला दुपारचे २, न्यूयॉर्कला सकाळचे ९, सॅन फ्रान्सिस्कोला पहाटे ६, सिडनीला मध्यरात्रीनंतरचा १. कोणी कामावर, कोणी झोपेत. रद्द. ज्याच्या त्याच्या रात्री ज्याने त्याने फीत लावायची.

त्याऐवजी फोनवर ऐकायला माणसं. २४ ते २८ डिसेंबर, दोन-दोन तासांच्या पाळ्या. अमिरातीत व्हॉट्सअॅपचे कॉल चालत नाहीत, संदेश चालतात. तिकडच्यांशी लिहून बोलायचं किंवा साधा फोन लावायचा. ऐकणाऱ्यांना सूचना: पहिली दहा मिनिटं उपदेश नाही, वचन नाही, "प्रार्थना करतोस ना?" नाही. मोठ्यांशी अहोजाहो. "मला आता काही वाटतच नाही" असं कोणी म्हणालं तर "केव्हापासून?" एवढंच विचारायचं आणि थांबायचं. स्वतःहून मागितली तरच प्रार्थना, तीही दोन वाक्यांची.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर सरळ, स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. फोन ठेवायचा नाही. दुसऱ्याने तिथल्या मदतीचा क्रमांक द्यायचा: अमेरिका ९८८, ब्रिटन ११६ १२३, ऑस्ट्रेलिया १३ ११ १४, भारत १४४१६. त्यापुढचं काम पाळकाचंही नाही, आपलंही नाही, हे ऐकणाऱ्यांना दोनदा सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला रविवार. ९७ पाकिटं पोचल्याचं कळलं. नऊ अजून रस्त्यात, चौदांचा पत्ता नाही. त्या तेवीसही जणांना ताऱ्याचा साचा पीडीएफने पाठवला, सोबत सूचना: साधा ८० जीएसएमचा कागद चालेल, पण छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलतं.

१४ डिसेंबर, रविवार

योहानाच्या प्रश्नाचा रविवार. फितीत या वाचनानंतर दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. तिघांनी कळवलं की फीत बंद पडली असं वाटलं. शांततेआधी "आता दोन मिनिटं काही ऐकू येणार नाही" आणि नंतर घंटेचा एक ठोका, असं जोडून फीत पुन्हा पाठवली. ठोका नसेल तर माणूस घड्याळाकडेच बघत राहतो.

सिडनीहून ताऱ्याची टेप दमट उन्हाळ्यात सुटल्याची तक्रार. चिकटपट्टी ८ ऐवजी १० मिमी हवी. पुढच्या वर्षीचा साचा आजच दुरुस्त केला.

२८ डिसेंबर, रविवार

मिसरचं वाचन. पाळ्या आज संपल्या. फोनवर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते देवाबद्दल नव्हतं, "आईला कसं सांगू की मी चर्चला जात नाही" हे होतं. याचं पान पुस्तिकेत नव्हतं. लिहायला घेतलंय, शीर्षक अजून ठरायचंय, पण पानाच्या एका बाजूला मुलांसाठी आणि मागच्या बाजूला पुण्यातल्या आईवडिलांसाठी मजकूर, म्हणजे एकच कागद दोन्हीकडे वाचता येईल.

उरलेला हातकागद: केशरी ३१ ताव, पांढरा १२. साच्यांसह कोरड्या पेटीत, कापराच्या वड्या घालून ठेवला.